साडूंचा डबा आणि आखाजीची पैज

सूर्याशी उघड वैर मांडून भर जळगावात राहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. एप्रिल लागला की जळगावचं डांबर चपलेला धरून ठेवतं, कुत्री भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलतात आणि दुपारभर अख्खं शहर कूलरपुढे निपचित पडून असतं. बरोबर त्याच वेळी आमचे साडू डोक्यावर रुमालसुद्धा न टाकता रस्त्याच्या मधोमध चालत टपरी गाठतात आणि कडक चहा मागवतात. टपरीवाला दर वर्षी न चुकता विचारतो, "नाना, सरबत करू का?" आणि साडू दर वर्षी न चुकता विचारतात, "कोणाला घाबरून?" मी धुळ्याचा. म्हणजे उन्हाच्या बाबतीत मीही काही महाबळेश्वरहून आलेलो नाही. पण या माणसाबरोबर मे महिन्यात चालायचं तर मी मृत्युपत्र करूनच एसटीत बसतो.

साडूंचा धंदा लग्नांचा. म्हणजे लग्नं जमवायचा नव्हे, टिपायचा. फोटो, व्हिडिओ, अल्बम, सगळं. मूळचे आमच्याच धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. जळगावात येऊन आयुष्य गेलं तरी राग आला की त्यांची अहिराणी साक्रीहून थेट निघून येते, मध्ये पारोळ्याला थांबतसुद्धा नाही. लग्नात त्यांचा दरारा असा की मुहूर्त भटजी सांगतात आणि लग्न साडू लावतात. एकदा चाळीसगावला अंतरपाट दूर झाला आणि नेमकी मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप नवरदेवाच्या नाकावर पडली. साडू ओरडले, "पाट धरा परत!" भटजी म्हणाले, "अहो नाना, लग्न लागलं!" साडू म्हणाले, "तुमच्या हिशेबानं लागलं असेल. माझ्या कॅमेऱ्यात त्याला अजून नाक नाही." अंतरपाट पुन्हा धरला गेला, शेवटचं मंगलाष्टक पुन्हा झालं, अक्षता कमी पडल्या म्हणून स्वयंपाकघरातून कच्चे तांदूळ आले. त्या जोडप्याचा संसार इतका घट्ट झाला आहे की लोक अजून म्हणतात, दोनदा लावलं होतं ना!

आणि हात! साडूंचा हात हलत नाही, ही गोष्ट खान्देशात गुरुत्वाकर्षणाइतकी मान्य आहे. एरंडोलच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा, खड्ड्याखड्ड्यांतून उड्या मारणाऱ्या एसटीत त्यांना मी बशीतून चहा पिताना पाहिलं आहे. गाडीचा आरसा गळून पडला, कंडक्टरची टोपी पडली, चहाचा थेंब पडला नाही. वरातीत बॅन्डवाल्यांची गाडी मागे येऊन त्यांना धडकली, ते आडवे झाले. पण पडतानाचं चित्रणसुद्धा असं सरळ की बघणाऱ्याला वाटावं, नवरदेवच हळूहळू आकाशात चालला आहे. हललेलं चित्र त्यांना नासलेल्या दुधासारखं वाटतं. पाहिलं की ओतून टाकतात. स्वतःचा फोटो मात्र ते काढू देत नाहीत. आधार कार्डाच्या केंद्रावर त्यांनी तिथल्या बाईंशी वाद घातला होता की दिवा डावीकडून हवा. शेवटी कार्डावर जो चेहरा आला तो त्या वादातलाच आहे.

आता एवढ्या लग्नांचा माल ठेवायचा कुठे? तर पापडाच्या डब्यांत. हार्ड डिस्क फडक्यात गुंडाळून, दमट हवा लागू नये म्हणून बरोबर मूठभर तांदूळ घालून, पत्र्याच्या डब्यांत. खरे पापड कुठे ठेवत होते ते देव जाणे. डब्यांवर नावंही माणसांची नाहीत, नात्यांची. "आमोद्याच्या पाटलांची धाकटी", "भुसावळच्या रेल्वेतल्या मामांचा तो उंच". ऑफिसात अल्बम जुळवणाऱ्या अक्का आहेत, त्या एकदा म्हणाल्या, "नाना, आडनावानं लावू या ना." साडू म्हणाले, "आडनावानं सरकार ओळखतं. लग्नात येणारा माणूस नात्यानं येतो."

हा कारभार वर्षानुवर्षं चालला असता, पण एका पावसाळ्यात जामनेरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न डब्यातच वारलं. डिस्कमधून टक-टक असा आवाज आला आणि नंतर तोही थांबला. दुसरा कोणी असता तर फोन बंद करून नाशिकला निघून गेला असता. आमचे साडू कॅमेरा घेऊन सरळ जामनेरला गेले आणि म्हणाले, "तुमचं लग्न माझ्याकडून गेलं. मी ते परत करायला आलोय." आणि खरंच केलं! मांडव घातला, हार आणले, दोन्हीकडच्या मामांना बोलावलं. अडचण एवढीच होती की मधल्या काळात नवरदेवाचं पोट पुढे आलं होतं आणि नवरीच्या कडेवर एक मुलगी होती. त्या फिल्ममध्ये वरमाला घालताना नवरीमागून एक बाळ हार ओढताना दिसतं. साडू म्हणतात, ते करवलीचं आहे. बाळाचा चेहरा मात्र नवरदेवाला छापून काढल्यासारखा आहे.

त्या दिवसापासून साडूंनी पापडाचे डबे वाळीत टाकले आणि नवा डबा आणायचं ठरवलं. नेटवर्क स्टोरेज म्हणतात त्याला. दिसायला टोस्टरएवढा, पोटात दोन डिस्क, वायफायच्या पेटीला वायरीनं बांधलेला. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी आपापला माल त्यातच ठेवायचा आणि त्यातूनच काढायचा.

बातमी पुण्याला पोचली. पुण्याला साडूंची एकुलती एक मुलगी असते. आमच्या थोरल्या मेहुणीबाई गेल्या तेव्हापासून तिचा एकच घोष, "नाना, शटर ओढा आणि इकडे या." साडूंचं उत्तरही एकच. "मी कोठेच जावाव नही!" जावईबापू बिचारे सज्जन. त्यांनी सुचवलं, की नाना, डबा कशाला, सगळं इंटरनेटवर एखाद्या कंपनीकडे ठेवा, महिन्याला भाडं भरलं की झालं. साडू फोनवर इतक्या जोरात बोलले की माझ्या मते फोनची गरज नव्हती, पुण्याला तसंच ऐकू गेलं असतं. "खान्देशातल्या लेकींची लग्नं मी परक्याच्या घरात भाड्यानं ठेवू? पोरींना माहेर लागतं, बापू! हे ऑफिस त्या लग्नांचं माहेर आहे!"

मग मुलीनं फोन घेतला. मुलगी बापाचीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात, आणि त्या दिवसांत पत्ते आणि पैजा यांना घराघरात मोकळीक असते. एरवी पत्त्यांना हात न लावणारी म्हातारी माणसंसुद्धा ओसरीवर डाव मांडून बसतात. तेव्हा तिनं पैजच लावली. "आखाजीला मी येते. तुमच्या त्या डब्यातून माझ्या लग्नाची फिल्म दाखवायची. खुर्चीवरून न उठता. या डब्यात शोध, त्या डब्यात शोध, तांदूळ झटक, असलं काही नाही. दाखवलीत तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही दाखवलीत, तर आखाजी झाली की शटर खाली आणि तुम्ही माझ्या गाडीत."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्या जिल्ह्याच्या लग्नांच्या फिल्म जोडून देणाऱ्या या माणसानं स्वतःच्या मुलीच्या लग्नाची फिल्म कधी तयारच केली नव्हती. चित्रण त्यांनीच केलं होतं, पण गिऱ्हाइकांचं काम आधी, घरचं नंतर, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. आणि मधल्या काळात मेहुणीबाई गेल्या. त्यांचं हलतं-बोलतं असं जे काही होतं, ते त्या एका लग्नातच होतं. मुलीनं पैजेत हे बोलून दाखवलं नाही. साडूंनीही नाही. पण नव्या डब्यात सगळ्यात आधी उतरवली ती तीच डिस्क, आणि ती उतरत होती तोवर साडू चहाला गेले नाहीत, हे अक्कांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

डबा बसवण्याचा सोहळा पाहायला मी दोनदा धुळ्याहून गेलो. पहिल्या खेपेला कॉम्प्युटरच्या दुकानदाराशी जुंपलेली होती. दुकानदार समजावत होता, "नाना, दोन्ही डिस्क जोडून टाकू, जागा दुप्पट मिळेल. तुम्ही म्हणता तसं केलं तर दोन्हीवर एकच माल बसेल. जागा निम्मी वाया!"

"वाया?" साडू उभे राहिले. "जुळी झाली तर झबली दोन शिवतात की एक शिवून आळीपाळीनं घालतात?"

"पण नाना, सगळेच लोक—"

"सगळ्या लोकांचं लग्न जामनेरला गेलं नव्हतं. माझं गेलं. दोन्हीवर एकच माल बसव."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बसवला.

दुसऱ्या खेपेला वेगळंच नाटक. जळगावात वीज जाते आणि येते, पण प्रत्येक वेळी आली की वायफायची पेटी त्या डब्याला नवा पत्ता द्यायची. सकाळी अक्का कॉम्प्युटर लावायच्या आणि ओरडायच्या, "नाना, डबा आज घरी नाही हो!" डबा टेबलावर त्यांच्यासमोर दिवा लुकलुकवत बसलेला, पण कॉम्प्युटरला सापडत नसे. साडूंनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी चष्मा लावला, पुस्तिका उघडली आणि पेटीच्या सेटिंगमध्ये शिरून डब्याचा पत्ता कायमचा बांधून टाकला. वर डब्याला इन्व्हर्टरही दिला. पंख्याला दिला नाही. पंख्याची गरज भित्र्यांना. मग परवानग्या. अक्कांना सगळं पाहता येईल, पण पुसता काहीच येणार नाही. अक्का रुसल्या. साडू म्हणाले, "रुखवत मांडतात तेव्हा कसं असतं? सगळ्यांनी बघावं, हात कोणी लावू नये. रुसायचं काय त्यात?" अक्का म्हणाल्या, "आणि तुम्ही?" "मी वधूपिता."

आणि मग आखाजी आली. ऊन असं की निंबाला बांधलेल्या झोक्याची साखळी धरवेना, पोरी ओल्या फडक्यानं धरून झोके घेत होत्या. सकाळी घागर पुजून झाली, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला, आणि दुपारी आम्ही चौघं ऑफिसात जमलो. मुलगी, साडू, मी आणि अक्का. जावईबापूंना आमरस चढला होता, ते घरी झोपले. साडू नवरदेवाच्या थाटात खुर्चीवर बसले आणि तिथेच त्यांच्या हातून ती चूक झाली, जी उन्हाला आयुष्यभर न घाबरलेल्या माणसाच्या हातूनच होऊ शकते. स्वतःसाठी कधीही कूलर न लावणाऱ्या माणसानं डब्यासाठी कूलर आणला होता! वाळ्याच्या ताट्यांचा, भलामोठा, काठोकाठ पाण्यानं भरलेला, आणि तोंड थेट डब्यावर. "यंत्र आहे बिचारं," ते म्हणाले, "त्याला आपल्यासारखी सवय नाही."

खान्देशातल्या कुठल्याही पोराला विचारा, भरलेला कूलर वाऱ्याबरोबर तुषार फेकतो. आमच्या तोंडावर ते गुलाबपाण्यासारखे पडत होते म्हणून आम्ही खुशीत होतो. डब्याच्या मात्र पाठीवरून पाणी ओघळून आत चाललं होतं.

मुलीनं पदर खोचला. "हं, नाना. खुर्चीवरूनच."

साडूंनी माउसला हात घातला आणि डबा किंचाळला. साधं ओरडणं नाही, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं. दोन हिरव्या दिव्यांतला एक विझला, त्याच्या जागी लाल लागला. अक्कांनी तोंडावर हात घेतला. मुलीचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं, तिला पैज जिंकायची नव्हती. "नाना," ती म्हणाली, "आईचं... त्यातच होतं ना सगळं?"

साडू उठायला गेले, आणि थांबले. खुर्चीवरून न उठण्याची पैज. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची धरून ठेवली, जणू खुर्चीच पळून जाणार होती, आणि बसल्या जागेवरून रणांगणावर ओरडावं तसे ओरडले, "पाहुणे! कूलर बंद करा!"

मी केला.

"ते फडकं घ्या. डबा वरून पुसा. आता लाल दिव्याखालचा खण आहे ना, ओढा बाहेर."

"नाना, मी आयुष्यात टीव्हीचं बटणसुद्धा—"

"ओढा म्हणतो ना! कोणाला घाबरून?"

मी डोळे मिटून ओढला. हातात आली ती ओली, मेलेली डिस्क. डबा किंचाळायचा थांबला. उरलेला एक हिरवा दिवा मात्र तेवढाच शांतपणे लुकलुकत राहिला, घरात काही झालंच नाही असा. साडूंनी माउस फिरवला. आमोद्याच्या पाटलांची धाकटी होती. भुसावळचा तो उंच होता. जामनेरचे दोन्ही मामा होते. साडूंच्या घशातून साक्री बाहेर आली. "बठ्ठं शे! काहीच गयं नही!" सगळं जागच्या जागी होतं. आणि अगदी तळाला एक नाव होतं, "घरचं, राहिलेलं". ते त्यांनी उघडलं.

पडद्यावर मेहुणीबाई आल्या. जरीची साडी, कमरेला किल्ल्या, आणि डोळ्यांत तीच जरब. मुलीच्या डोक्यावरचा पदर सारखा करता करता त्या थेट कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, ठेवा ना आता ते. पोरीबरोबर एक तरी फोटो काढून घ्या. बाप आहात का कोण?" आणि कॅमेऱ्यामागून साडूंचा आवाज, "हलू नका. उजेड चांगला आहे."

 मुलगी खुर्चीच्या पाठीला टेकून उभी होती. अख्ख्या लग्नात बाप कुठेही दिसत नव्हता; नुसता आवाज. हार सरळ करा. मामा, मागे व्हा. बेटा, वर बघ. मग पाठवणी आली. मायलेकी गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या, आणि ते चित्र हललं. थोडंथोडकं नाही. मांडवाची झालर दिसली, कोणाच्या तरी चपला दिसल्या, आकाश दिसलं, पुन्हा चपला, आणि मग सगळं धूसर झालं.

मुलगी हळूच म्हणाली, "नाना, इथे हललंय."

"हललं नाही," साडू पडद्याकडे बघतच म्हणाले. "ऊन फार होतं त्या दिवशी. लेन्सवर घाम आला होता."

मी पडद्याकडे पाहिलं. धूसर चित्रात मागे वऱ्हाडी उभे होते, सगळे शाली आणि स्वेटर गुंडाळून. पौषाच्या तोंडावरचं लग्न, खान्देशातली थंडी, एक आजोबा तर मफलर बांधून शेकोटीपाशी बसले होते. उन्हाला जन्मभर आव्हान देत आलेल्या माणसानं पहिल्यांदाच त्याचा आधार घेतला होता.  साडूंशी वाद घालायचं धाडस तसंही माझ्यात नाही.

पैज साडूंनी जिंकली. मुलीनं पुण्याचं नाव काढलं नाही. निघायच्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "पाणी दोन्ही डिस्कवर पडलं असतं तर, नाना? एक नक्कल लांब ठेवायला हवी. दुसऱ्या गावात." साडूंनी खूप वेळ विचार केला, म्हणजे त्यांच्या मानानं खूप; एक चहा होईपर्यंत. मग म्हणाले, "ठीक. पुण्याला मी येणार नाही. डबा येईल." तर आता तिच्या घरातही तसाच एक टोस्टरएवढा डबा आहे, आणि इथली लग्नं आपोआप तिथे उतरतात. कूलर साडूंनी अक्कांच्या घरी पोचवला. स्वतः भर दुपारी चहाला जातात ते जातातच.

परवा मी ऑफिसात गेलो तर साडू पडद्यासमोर बसले होते. पुण्याच्या डब्यातून उलट इकडे काहीतरी आलं होतं, मुलीनं मोबाइलवर काढलेलं. एक खोली. पलंग, त्यावर धुतलेली चादर, खिडकी, भिंतीत कॅमेरे ठेवायला केलेलं कपाट, त्यात काहीच नाही. मागून तिचा आवाज, "नाना, ही तुमची. मी काहीही म्हणत नाहीये. नुसतं दाखवतेय." चित्र अख्खं हलत होतं.

"हात बघा कसा हलतो हिचा," साडू म्हणाले. "आणि खिडकी पश्चिमेला. दुपारचं सगळं ऊन आत येईल."

"तुम्हाला काय त्याचं?" मी म्हणालो.

त्यांनी माउस पुढे ओढला. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली, पूर्ण पाहिली, आणि हललेलं चित्र पाहताक्षणी ओतून टाकणाऱ्या त्या माणसानं ती जपून ठेवून दिली. कुठे ठेवली ते मला त्यांच्या खांद्यावरून दिसलं. "घरचं, राहिलेलं"मध्ये.